मुठीजवळची पायरी

सर, तुमच्या लेखाचं शेवटचं प्रूफ आलं, तेव्हा तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. आकृत्या माझ्या, म्हणून मेल माझ्याही नावाने. सोबत दोन ओळी होत्या. काही चूक राहिली असेल तर पंधरा दिवसांत कळवा, नाहीतर आहे तसं छापू. आठवीचा तास चालू होता. मुलांसमोर टेबलावर तांब्या आणि दोन लिंबं मांडून ठेवली होती, मुलं खाली मान घालून चित्र काढत होती. मी मोबाईल उपडा ठेवला आणि तास संपेपर्यंत त्या तांब्याकडे बघत बसले.

चूक राहिली आहे, सर. तीन वर्षांपासून मला ती माहीत आहे. तुम्हाला सांगितली नाही. आता सांगते आहे, म्हणजे माझ्या भित्रेपणाला काही तोड नाही.

आपली ओळख झाली ती शेवगावला, माझ्या शाळेच्या चित्रप्रदर्शनात. तुम्ही प्रमुख पाहुणे होतात, नगरच्या कॉलेजातून नुकतेच रिटायर झालेले इतिहासाचे प्राध्यापक. पाहुणे लोक रांगोळीपाशी थांबतात, मुलांच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढतात आणि चहा पिऊन जातात. तुम्ही कोपऱ्यातल्या एका पेन्सिलीच्या चित्रापाशी थांबलात. मी काढलेला आमच्या घरचा ऊसतोडीचा कोयता होता तो. मुलांना नमुना म्हणून लावला होता. "हे कुणी काढलं? याच्यात पात्याची जाडी दिसतेय," म्हणालात. मी म्हटलं, मी. "माझ्यासाठी तलवारी काढाल?" मला वाटलं महाराजांच्या काळातल्या असतील. तुम्ही म्हणालात, "नाही, रोमच्या. आणि त्याही धाकट्या." मी तोंडावर हात धरून हसले होते. त्याबद्दल तुम्ही मला पुढे बरीच वर्षं टोमणे मारलेत.

हसले ते काही चुकीचं नव्हतं. नगरात बसून रोमच्या तलवारी! लोक तुम्हाला तोंडावर विचारायचे, इथं निजामशाहीची हत्यारं धूळ खात पडलीत आणि सरांना सातासमुद्रापलीकडचं कसलं पडलंय? तुमचं उत्तर ठरलेलं. "आपल्या घराच्या राखणीला पुष्कळ जण आहेत. त्या खणाला कुणी नाही." तरुणपणी शिष्यवृत्तीवर काही महिने तुम्ही परदेशातल्या एका संग्रहालयात होतात. तिथल्या तळघरात तुम्हाला तो खण साफ करायला दिला होता. रोमच्या साम्राज्याच्या पडत्या काळातल्या, हातभर लांबीच्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या तलवारी. त्या काळात शिपाई लांब तलवारी बाळगायचे, त्यांच्यावर ढिगाने लिहिलं गेलंय. धाकट्यांना कुणी विचारत नव्हतं. तुम्ही एक वही भरून मापं घेतलीत, परत आलात, आणि पुन्हा तिकडे जाणं कधी झालंच नाही. वही मात्र शेवटपर्यंत तुमच्या उशाशी होती. काकू म्हणायच्या, "माझी सवत बघायची असेल तर ती बघ, निळ्या पुठ्ठ्याची."

मग माझे रविवार तुमचे झाले. शेवगावहून सकाळची एसटी, तिसगाव, करंजीचा घाट, माळीवाड्याला उतरून रिक्षा, सावेडीला तुमच्या दारात दहाच्या आत. उशीर झाला तर तुम्ही घड्याळाकडे बघायचा नाहीत, फाटकाकडे बघायचा. तिकडून येणारे फोटो, क्ष-किरणाच्या फिल्म्स, आणि तुमच्या वहीतली मापं यांच्यावरून मी तलवार काढायची. एक समोरून, एक कडेने, आणि मध्ये पातं कापलं तर ते कसं दिसेल तेही. तुम्ही शेजारी बसून बोलत राहायचात. पात्याच्या मधोमध कोरलेली पन्हळ कुठे संपते बघ. लांब तलवार मोडली आणि उरलेल्या तुकड्याला टोक काढलं, तर पन्हळ टोकापर्यंत पळत जाते आणि मध्येच कापल्यासारखी दिसते. मुळातच धाकटी घडवली असेल तर घडवणारा पन्हळीला आधीच थांबवतो. पातं खांद्याशी किती रुंद आहे बघ. मुठीच्या लाकडात शिरणारी शेपटी पात्याच्या मानाने दांडगी आहे का बघ. मी बघायला शिकले. अठरा वर्षं शाळेत मी मुलांना चित्रकला शिकवली, पण बघायला मला तुम्ही शिकवलंत. हे तुमच्या तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही लगेच "मग या रेघेची जाडी का चुकली?" असं विचारलं असतंत.

एका गोष्टीवर आपलं कधीच जमलं नाही. तलवारीचा झडून गेलेला भाग तुम्हाला तुटक रेघेने दाखवून हवा असायचा. मी म्हणायचे, जे नाही ते मी काढणार नाही. "अगं, तुटक रेघ म्हणजे खोटं नव्हे, अंदाज असतो." मी म्हणायचे, मग तो अंदाज तुम्ही लिहा, माझ्या पेन्सिलीने कशाला? एकदा तुम्ही चिडून स्वतःच रेघ ओढलीत, ती इतकी वाकडी आली की आपण दोघंही हसलो. तरी तुम्ही हरलात असं कबूल केलं नाहीत. माझीही तीच गत. मी किती खऱ्याची चाड असलेली बाई आहे हे मी तुम्हाला ऐकवत होते, आणि त्याच सुमाराला मी तुमच्यापासून ही गोष्ट लपवत होते.

तुमचा सगळा जीव एका तलवारीत अडकला होता. त्या खणातली सातवी. तिच्या मुठीजवळ दोन बोटं जागा मूळच्या रुंदीची होती, आणि तिथून पुढे पातं एकदम अरुंद झालेलं, काटकोनात, जिन्याची पायरी असावी तसं. त्या परदेशी संग्रहालयात आता या तलवारी सांभाळणाऱ्या बाईंचं म्हणणं, मोडकी तलवार एखाद्या लोहाराने एका दिवसात घासून बारीक केली, त्याची ही खूण. म्हणजे मूळची तलवार कधीची ते सांगता येत नाही, सापडली त्या थडग्याचा काळ तोच तिचा काळ धरायचा. तुमचं म्हणणं वेगळं. ही पायरी सावकाश झिजेची आहे. रोज धार लावताना मुठीजवळ दगड पोचत नाही, तिथलं पातं तसंच राहतं, पुढचं झिजत जातं. बाप, मुलगा, नातू यांनी एकच तलवार वापरली असेल, आणि मग ती थडग्याहून शंभरेक वर्षं तरी जुनी ठरते. त्या बाईंशी तुम्ही किती वर्षं मेलवर भांडलात! "मॅडम, आपण कधी एकाच हत्याराला जन्मभर धार लावली आहे का?" असं तुम्ही इंग्रजीत लिहिलंत, आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, "मीही लावलेली नाही म्हणा. पण तुझ्या आईने लावलीय."

तिथून तुम्हाला कोयत्यांचं वेड लागलं. आमच्या पूर्वेकडच्या गावांतून दर दिवाळीला लोक ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. बायामाणसं फडात दिवसातून चारदा कोयत्यावर कानस मारतात. एक कोयता किती हंगाम चालला हे ज्याचं त्याला माहीत असतं. रोमच्या शिपायाने तुम्हाला सांगितलं नसतं, ते या बाया सांगू शकत होत्या. तुम्ही मापाची पट्टी घेऊन पाथर्डी-शेवगावची गावं पालथी घातलीत. बाया पदराआड हसायच्या. "मास्तर कोयत्याला ताप आलाय का बगत्यात!" पन्नासेक कोयते मोजलेत तुम्ही. पण सगळे पाच-सात हंगामांचे, त्यापुढचे भंगारात गेलेले. इतक्या थोड्या झिजेत पायरी कुठून दिसणार?

तेव्हा मीच म्हटलं, आमच्या घरी एक आहे, चित्रात पाहिलात तो नव्हे, त्याहून जुना. आधी आजीने वापरला, मग आईने. आढ्याला खोचून ठेवलाय. कानशीशिवाय त्याला कधी दुसरं काही लागलं नाही. हे मी छातीठोकपणे सांगितलं, सर.

पुढच्या रविवारी तो कोयता आईने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, तसाच मी आणला. तुम्ही कागद सोडलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि पात्यावरून अंगठा फिरवत मुठीकडे आणलात. अंगठा थांबला. पायरी होती. काटकोनात, अगदी सातव्या तलवारीसारखी. उठलात, स्वयंपाकघरात गेलात आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा केलात. तीन कप आणि ओट्यावर एक सांडलेला. काकू बघतच राहिल्या. मग मला म्हणालात, "मंगल, तुझ्या आईने रोमचा प्रश्न सोडवला." लेखाच्या शेवटी आभारात तिचं नाव लिहिलंत. नुसतं नाव नाही, गाव, तालुका, आणि "ऊसतोड कामगार".

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी आईला नाव वाचून दाखवायला गेले. ती खूश झाली, आणि म्हणाली, "धार बगितली का न्हाई सरांनी? लोहाराकडून शेवटून आनला हुता म्या. भट्टीत घालून, ठोकून, मशीनवर घासून. लई गंजल्याला हुता." मी विचारलं, कशाला गं? तिला माझा प्रश्नच कळेना. "अगं, पाहुन्याला बोथट कोयता द्यायचा व्हय? गंजल्यालं हत्यार कुनाच्या हातात देत्यात का? लोक काय म्हनतील, एवढ्या मोठ्या सरांना देताना सुदिक हिला लाज न्हाई वाटली?"

तिचं काय चुकलं? आमच्याकडे शेजारणीचं भांडं परत करतानाही घासून देतात, रिकामं देत नाहीत. चूक माझी. मी सांगायला हवं होतं की आई, जसा आहे तसा दे. ते मला सुचलंच नाही, कारण मी तो आणताना उघडूनही पाहिला नव्हता. आणि तुमच्या टेबलावर ते घासलेलं पातं चकाकत होतं, तेव्हाही मी फक्त पायरीच बघितली. बघायला शिकलेली मी!

म्हणजे ती पायरी दोन बायकांच्या जन्मभराच्या झिजेची नव्हती. आमच्या गावच्या लोहाराने एका दुपारी पाडलेली होती. तुमचा साक्षीदार त्या बाईंच्या बाजूने बोलत होता, आणि तुम्ही त्याला आपला म्हणून उभा केला होता.

मी घरी येऊन लगेच तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचलल्या उचलल्या म्हणालात, "मंगल, बरं झालं फोन केलास. मी सगळा लेख पहिल्यापासून नव्याने लिहायला घेतलाय." इतका हलका आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, रविवारी थोडा उशीर होईल, एसटीचं काही खरं नाही. आणि ठेवला. पुढच्या रविवारी सांगू, मग त्याच्या पुढच्या. आठ महिने असेच गेले. मग तुमच्या छातीचं दुखणं निघालं, आणि मला आयतं निमित्त मिळालं. डॉक्टरांनी सांगितलंय, सरांना त्रास होईल असं बोलू नका. तुमच्या दुखण्याचं ओझं मी सगळ्यांना सांगत फिरले, पण खरं सांगायचं तर त्याने माझी सुटकाच केली होती. त्या आधीचे आठ महिने मात्र निव्वळ भीतीचे. तुम्ही रागवाल ही भीती नव्हती. तुमचा तो हलका आवाज जाईल, ही होती.

मागच्या महिन्यात तुम्ही गेलात. काकूंचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर घडा काढत होते. खांदा द्यायला तुमचे विद्यार्थी चिक्कार होते, मी फाटकाशी उभी राहिले. रडू आलं नाही. ते प्रूफ आल्यावर आलं, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे, पोरी डोकावून बघून गेल्या.

आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. कशावरून काय झालं हे तिला नेमकं कळलं. म्हणाली, "मंग बिनशेवटल्याला कोयता पायजे तुला. जुना." मी म्हटलं, सरांनी सगळी गावं फिरून बघितली, जुना कुणाकडेच नाही. "न्हाई कसा? मास्तर दारात आल्यावर कोन गंजल्यालं काढून दाखवंल? लाज वाटती. मी मागते."

चार दिवसांनी ती एसटीने शेवगावला आली. खताच्या पिशवीत पाच कोयते. तिच्या बरोबरीच्या बायकांचे, वीस-वीस पंचवीस-पंचवीस हंगाम चाललेले. एकाची मूठ तारेने बांधलेली, एकाच्या पात्यावर अजून उसाचा काळा राप. "कुनाला हातसुदिक लावू दिला न्हाई. जसं हायेत तसं आनलेत." खाली ठेवताना ती थोडी ओशाळलीच होती, इतकी घाणेरडी हत्यारं लेकीच्या घरात आणली म्हणून.

मी तुमच्या पद्धतीने मोजले, सर. मुठीपासून बोटाबोटावर रुंदी, मग जाडी, मग पात्याचं चित्र, दोन्ही बाजूंनी. दोन दिवस लागले. पाचांपैकी एकालाही पायरी नाही. झीज मुठीपासून हलकेच सुरू होते, उतारासारखी, मध्ये पोट खपाटीला जातं. इतका मऊ उतार की अंगठ्याला कळतही नाही तो कुठे सुरू झाला. मी परत मोजले. मला ती पायरी हवी होती. एकात तरी दिसावी म्हणून मी कंदिलासारखा टॉर्च तिरका धरून बघितला. तुमच्यासाठी मी खोटी तुटक रेघही ओढली असती त्या वेळी.

परवाच्या रविवारी सावेडीला गेले. काकूंनी दार उघडलं आणि सवयीने म्हणाल्या, "आज वेळेवर आलीस." मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ साडीच्या काठाची चुणी करत बसल्या. मग म्हणाल्या, "कुणाला कळणार आहे? जाऊ दे ना छापून. आयुष्यभर त्यांना कुणी विचारलं नाही. गेल्यावर तरी त्यांना हरवू नकोस गं."

मी उठून चपला घालायला लागले.

"हे त्यांना आधी सांगितलं असतंस तर?" त्यांनी मागून विचारलं.

"आठ दिवस बोलले नसते माझ्याशी."

"आणि मग?"

"मग स्वतःच खोडलं असतं."

काकू चिडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मग मला विचारायला कशाला आलीस? खोड जा. फक्त मला वाचून दाखवू नकोस." आणि दार लावून घेतलं. मी जिन्यात उभी राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, नुसताच, स्वयंपाकाचा नाही.

काल दुरुस्ती पाठवली. आईच्या कोयत्याचं चित्र काढून टाकलं, पाच नव्या कोयत्यांची घातली. तुमचा निष्कर्ष होता ती दीड पानं खोडली. सातव्या तलवारीखाली तुम्ही लिहिलेला काळ खोडला आणि लिहिलं, "पायरी एका वेळच्या घासकामाची. मूळ घडणीचा काळ ठरवता येत नाही." एवढंच उरतं. आभारातलं नाव काढू का, असं आईला फोनवर विचारलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. फुडं लिही, हिनंच शेवटून आनला म्हून घोटाळा झाला. खरं हाय ते लिवायला काय लाजायचं?" मी तसंच लिहिलं. पण तिच्या नावापुढे माझंही लिहिलं, आणि मला हे कधीपासून माहीत होतं तेही लिहिलं.

तुम्ही चुकला होतात, सर. हे तुम्हाला सांगणारं माणूस तुमच्या शेजारीच बसलं होतं, दर रविवारी, पेन्सिलीला टोक करत. तेव्हाच सांगितलं असतं तर आठ दिवस तुम्ही फोन उचलला नसतात, नवव्या दिवशी पट्टी घेऊन पुन्हा गावोगाव निघाला असतात. आई तुमच्याबरोबर आली असती. हे पाच कोयते तुमच्या टेबलावर आले असते. कदाचित त्या मऊ उतारावरून तुम्ही खणातल्या दुसऱ्याच एखाद्या तलवारीकडे वळला असतात, तिसरीकडे, नाहीतर अकरावीकडे, आणि तिचा काळ ठरवून गेला असतात. मला ते येत नाही. मला फक्त काढता येतं. तुमच्याकडे तीन वर्षं होती, आणि ती मी तुम्हाला खुशीत ठेवण्यात घालवली.